तिशी ओलांडलेल्या नामवंत फ्री एजंटना (जुना करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना) मोठे करार देणं एनएचएलमधल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमधल्या संघांना परवडतं का?

नाही. बहुतेक वेळा नाही. तुम्ही नॅशव्हिल संघाचं उदाहरण देऊन विचारलंय, तर त्यातच उत्तर आहे. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांनी स्टॅमकोस, मार्शसो आणि शे या तिघांवर मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम बांधली. आधीच्या मोसमात स्टॅमकोसचे 40 आणि मार्शसोचे 42 गोल होते. नॅशव्हिलला आल्यावर 27 आणि 21. संघ 99 गुणांवरून 68 वर घसरला आणि प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी हुकली. पैसे 40 गोलांचे दिले, पण स्टॅमकोसचे ते 40 गोल त्याच्या जुन्या संघाच्या, टँपाच्या खात्यात जमा झालेले होते.

पण मी लिहायला बसलो ते नॅशव्हिलसाठी नाही. मी एडमंटनला राहतो आणि माझा साडू कॅलगरीत. आता पुढचं ऐका.

1 जुलै 2016. कॅनडा डे, आमच्या डेकवर बार्बेक्यू. साडूभाऊ सहकुटुंब आलेले, सासूबाई सांगलीहून आलेल्या. दोनच दिवसांपूर्वी ऑयलर्सनी, म्हणजे आमच्या एडमंटनच्या संघाने, टेलर हॉल हा आमचा लाडका खेळाडू न्यू जर्सीला देऊन टाकला होता, त्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं. तेवढ्यात आतून मुलगा ओरडत आला, लुचिच घेतला! सात वर्षं, 4 कोटी 20 लाख डॉलर. वर्षाला 60 लाख.

साडू कॅलगरी फ्लेम्सचा माणूस, पण खूश झाला. म्हणाला, "आता मॅकडेव्हिडकडे (ऑयलर्सचा तरुण स्टार) वाकड्या नजरेनं बघायची कोणाची छाती होणार नाही. अनुभवी माणूस लागतोच रे टीममध्ये." मी म्हटलं, तो आज 28 चा आहे, करार संपेल तेव्हा 35 चा असेल. त्याचा खेळ अंगावर जाण्याचा, आणि शरीर सर्वांत आधी तिथेच बोलतं. सासूबाईंनी विचारलं, हा करतो काय एवढ्या पैशांचं काम? साडू म्हणाला, "मारामारी." त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

पहिल्या वर्षी 23 गोल झाले आणि संघ 2006 नंतर पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये गेला. तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या वर्षी 10. तिसऱ्या वर्षी 6. आणि तिकडे हॉलला 2018 ची हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान. ग्रुप शांत.

बरं, तेवढ्यात कॅलगरीने काय करावं? 2018 च्या जुलैमध्ये जेम्स नीलला पाच वर्षांसाठी वर्षाला साडेसत्तावन्न लाख. वय 30. पहिल्याच मोसमात 7 गोल, आणि कोलोराडोविरुद्धच्या शेवटच्या प्लेऑफ सामन्यात तब्येत ठणठणीत असूनही संघाबाहेर. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही शहरांनी आपापलं दुखणं एकमेकांना देऊन टाकलं, नील इकडे आणि लुचिच तिकडे. आमच्या दोन घरांमधला वाद तेव्हापासून चालू आहे. फायदा कोणाचा झाला?

साडूचा मुद्दा तिसऱ्या फेरीतल्या पिकचा, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायच्या हक्काचा. ही अदलाबदलीतली अट होती: नीलने 21 गोल करून लुचिचपेक्षा किमान 10 जास्त केले, तर तो पिक कॅलगरीला मिळणार होता. करोनामुळे मोसम तुटला तेव्हा नीलचे 19 होते, लुचिचचे 8. लीगने तरीही पिक कॅलगरीला द्यायला लावला. यावर साडू आजही हसतो. मी म्हणतो, अरे, म्हणजे नील आमच्याकडे जास्त चांगला खेळला हे लीगनेच मान्य केलं ना! आयलँडर्सविरुद्ध एका रात्रीत चार गोल केले होते त्याने.

आता खरं दुखणं. 2021 मध्ये ऑयलर्सनी नीलचा बायआउट केला, म्हणजे काही रक्कम देऊन करार मोडला. त्याचे वर्षाला सुमारे 19 लाख 2024-25 पर्यंत कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, अडकून राहिले. म्हणजे 2024 ला फ्लोरिडाविरुद्ध फायनलच्या सातव्या सामन्यात 2-1 ने हरलो तेव्हाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फायनल हरलो तेव्हाही, 2021 मध्येच घरी पाठवलेला माणूस आमच्या कॅपमध्ये बसलेला होता. मालकाच्या खिशाचं मला काय पडलंय, त्या पैशात तिसऱ्या फळीत एक बरा विंगर आला असता. कॅप आहे तोवर मोजायची ती जागा. टोरांटोलाही हेच भोवलं: 37 वर्षांच्या मार्लोला तीन वर्षं दिली, शेवटचं वर्ष नको झालं म्हणून कॅरोलायनाला पहिल्या फेरीतला पिक देऊन तो करार त्यांच्या गळ्यात घातला. त्याच पिकवर कॅरोलायनाने सेथ जार्व्हिस घेतला.

आणि हे दरवर्षी होतं, कारण नियमच तसा आहे. सात मोसम खेळल्याशिवाय किंवा 27 पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू पूर्ण मोकळा होत नाही, म्हणजे फॉरवर्डची ऐन बहराची वर्षं जुन्या संघानेच वापरलेली असतात. वर 1 जुलैला फ्री एजंटांचा बाजार उघडतो, आणि सगळे जनरल मॅनेजर एकाच वेळी बाजारात. अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यायचंच म्हणून दुकानात शिरलेला माणूस कुठे भाव करतो?

अपवाद आहेत, हे लिहायला हवं नाहीतर साडू खाली कमेंट करेल. पाव्हेल्स्की डॅलसला गेला तो 35 व्या वाढदिवसाच्या तोंडावर, पण करार फक्त तीन वर्षांचा. 37 व्या वर्षी त्याने 81 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) केले. त्याचा खेळ वेगावर नव्हता, गोलसमोर उभं राहून पक वळवण्यावर होता. चारा 29 व्या वर्षी बॉस्टनला गेला आणि 2011 चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. डिफेन्समनचं गणित थोडं वेगळं असतं. तेव्हा आमच्याकडे असलेल्या पेरीने 2025 च्या प्लेऑफमध्ये चाळिशी गाठत 10 गोल मारले, तेही एका वर्षाच्या स्वस्त करारावर. तेव्हा म्हातारा घ्यायचाच तर एक-दोन वर्षांसाठी घ्या. आणि सायनिंग बोनसमध्ये पैसे भरू नका. लुचिचच्या करारात तेच भरले होते, आणि बोनस बायआउटमध्येही पूर्ण द्यावाच लागतो, म्हणून बायआउट करूनही फारसं काही वाचणार नव्हतं.

साडूचं हुकमी पान म्हणजे हायमन. 29 व्या वर्षी सात वर्षांचा करार, साडूच्या मते तोही लुचिचसारखाच, आणि 2023-24 मध्ये 54 गोल! मान्य, वर्षाला 55 लाखांत तो फुकटच पडला. पण हायमनचा करार 2028 ला संपतो. तेव्हा तो 36 चा असेल. साडूला सांगून ठेवलंय, त्या वर्षीचे गोल मोजून मग बोलू.