इंग्रजी क्रियापदानंतर कोणतं प्रीपोझिशन येतं, हे ओळखायचं कसं?

दोनशे शब्दांची यादी पाठ केली, परीक्षेत रिकाम्या जागा बरोबर भरता, पण मेल लिहायला बसलं की चुकतं, असं तुम्ही म्हणताय. वर ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागतो की नाही, आणि ‘आन्सर’ला? असंही विचारलंय. तिकडे शेवटी येतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पहिल्या नोकरीत बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज टाकला आणि ऐटीत लिहिलं, ‘माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड विथ अ डॉक्टर’. साहेबांनी अर्जावर सही केली आणि विचारलं, “दोन्ही लग्नं एकाच मांडवात का?” विनोद माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. आपल्याकडे लग्न कुणा‘शी’ होतं, म्हणून मी ‘विथ’ लावलं होतं. इंग्रजीत ते कुणा‘टू’ होतं. ‘विथ’ म्हटलं की हिच्याबरोबर त्या डॉक्टरचंही कुठेतरी लग्न आहे, असा अर्थ काढायला जागा राहते.

नियम आहे का? सगळीकडे चालेल असा नाही. पण मराठीत तरी कुठे आहे? आपण कुत्र्याला घाबरतो, शेजाऱ्याशी भांडतो, पोरावर रागावतो, कामाला कंटाळतो. आमच्या ऑफिसात कानपूरचा एक जण आहे, हौसेने मराठी शिकतो. परवा जेवताना म्हणाला, “मी त्याच्याशी विचारलं.” हिंदीत ‘उससे पूछा’, म्हणून ‘शी’. आम्ही सांगितलं, ‘त्याला विचारलं’. तो म्हणे, पण का? बोलणं ‘त्याच्याशी’, विचारणं ‘त्याला’, मागणं ‘त्याच्याकडे’, घेणं ‘त्याच्याकडून’, आणि हिंदीत तर सगळीकडे एकटा ‘से’! टेबलावर आम्ही पाच मराठी माणसं, एकालाही उत्तर देता येईना. शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेलं तिथे काडीच्या उपयोगाचं नव्हतं. आपल्या डोक्यात ‘विचारणे’ हा शब्द सुटा नसतोच, ‘कुणाला विचारणे’ असाच असतो. इंग्रजीतही ‘डिपेंड’ पाठ करून नंतर त्याला शेपूट शोधत बसू नका. ‘डिपेंड ऑन’ हाच शब्द धरा.

आता तुम्ही का चुकता ते. आपल्या चुका ठरावीक जागी होतात, हे मला बरंच उशिरा कळलं. मराठीत आपण नामाला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडून क्रियापद बनवतो: चर्चा करणे, विनंती करणे, भर देणे, संपर्क करणे. त्या नामाला जे शेपूट असतं, ते क्रियापदातही तसंच राहतं. ‘बजेटबद्दलची चर्चा’, म्हणून ‘बजेटबद्दल चर्चा करू’. इंग्रजीतही नामाला शेपूट असतं. ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’ अगदी बरोबर. पण ‘डिस्कस’ हे क्रियापद झालं की त्याने तो ‘अबाउट’ गिळलेला असतो, मग फक्त ‘वी डिस्कस्ड द बजेट’. आपण मराठीच्या सवयीने तो परत बाहेर काढतो.

हे एकदा दिसलं की बाकीच्या चुका त्याच रांगेत उभ्या दिसतात. ‘अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी’, पण ‘आय रिक्वेस्टेड अ कॉपी’. ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’, पण ‘एम्फसाइझ क्वालिटी’. बँकेशी ‘कॉन्टॅक्ट विथ द बँक’ असतो, पण क्रियापद म्हणून नुसतं ‘कॉन्टॅक्ट द बँक’. ‘ॲन ऑर्डर फॉर टी’, पण ‘आय ऑर्डर्ड टी’. ‘एंटर द रूम’ला ‘इनटू’ नको. (करार करताना मात्र ‘एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट’ असंच म्हणतात. वकिलांचं सगळंच वेगळं.) अडलात तर बघा, त्या वाक्यात शब्दाच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ बसलाय का? बसला असेल तर ते नाम, शेपूट लावा. नसेल तर जरा थांबा.

दुसरा घोटाळा ‘ला’चा. पुण्याला पोचलो, म्हणून ‘रीच्ड टू पुणे’. त्याला विचारलं, म्हणून ‘आस्क्ड टू हिम’. दोन्हीकडे ‘टू’ काढून टाका. पुण्यासाठी दुसरं क्रियापद घेतलंत तर शेपूट परत येतं: ‘अराइव्ह्ड इन पुणे’, स्टेशन असेल तर ‘ॲट द स्टेशन’. याच्या नेमकं उलट ‘एक्स्प्लेन’चं आहे. ‘टेल मी’ चालतं म्हणून आपण ‘एक्स्प्लेन मी’ म्हणतो, पण तिथे ‘एक्स्प्लेन इट टू मी’ असा ‘टू’ हवाच.

आणि जिथे मराठीत काहीच लागत नाही, तिथे आपण इंग्रजीतलंही खाऊन टाकतो. गाणी ऐकतो, म्हणून ‘लिसनिंग म्युझिक’. हवं ‘लिसनिंग टू म्युझिक’. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, ‘अवेट’ला लागत नाही. ऑफिसच्या मेलमध्ये दोघांचं कलम केलेलं ‘अवेटिंग फॉर युअर रिप्लाय’ रोज दिसतं, ते दोन्ही घरचं नाही.

अर्थावरून थोडा अंदाज येतो, पण मला त्यातल्या एकाच जोडीने खरी मजा आणली. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून त्याच्याकडे फेकणं. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून अंगावर फेकणं. मराठीत ‘कडे’ आणि ‘वर’ जो फरक दाखवतात, तोच हा. ‘ॲट’मध्ये नेम धरल्याची छटा असते. त्यामुळे ‘शाउट ॲट’, ‘लाफ ॲट’, ‘स्टेअर ॲट’ ही मंडळी एका गोटातली. तसंच हवं असलेलं काही मिळवायचं असेल तर बहुधा ‘फॉर’: ‘आस्क फॉर’, ‘अप्लाय फॉर’, ‘सर्च फॉर’. आपल्या ‘वर’चा ‘ऑन’ बऱ्याचदा जमतो, ‘रिलाय ऑन’, ‘स्पेंड ऑन’, ‘कॉन्सन्ट्रेट ऑन’. पण तुझ्यावर चिडलो हे ‘अँग्री ऑन यू’ होत नाही, ‘अँग्री विथ यू’ होतं. आणि देवावर विश्वास ‘बिलीव्ह इन’.

मेलच्या शेवटी येणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ तुम्हीही लिहीत असणार. तिथला ‘टू’ प्रीपोझिशन आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग यू’. शंका आली तर ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ ऐकायला बरोबर वाटतं ना? मग पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावा.

यादी फेकून द्या आणि परभाषकांसाठी केलेला एखादा इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. शिकणाऱ्याचं घोडं शब्दाच्या अर्थापेक्षा तो वाक्यात कसा बसवायचा इथे जास्त अडतं, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला कोश १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. त्याच्या आजच्या आवृत्तीत आणि इंटरनेटवरही क्रियापदाचं शेपूट ठळक अक्षरात छापलेलं असतं. अर्थ वाचायच्या आधी ते बघायची सवय लावा.

दुसरं काम आजच करा. स्वतःच्या पाठवलेल्या मेलमध्ये ‘डिस्कस अबाउट’ शोधा. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा १९ निघाले, त्यातले चार थेट साहेबांना गेलेले. ती वाक्यं वहीत सुधारून लिहिली. स्वतःचं वाक्य असल्यामुळे ते डोक्यातून जात नाही, यादीतलं जातं.

आता तुमची शंका. ‘रिप्लाय टू द मेल’, पण ‘आन्सर द मेल’. आणि ‘ॲन आन्सर टू द मेल’ असं लिहिलंत तर तिथे ‘टू’ हवा, कारण तिथे ते नाम झालं.