बूट कुठून आले?

प्रिय दोस्ता,

जग बुडाल्यानंतरच्या भटक्यांवरच्या तुझ्या मालिकेची तिन्ही प्रकरणं वाचली. दोन बैठका लागल्या, कारण दुसऱ्या प्रकरणात मी अडकलो. ती म्हातारी पडक्या पुलावरून चालते आणि तिच्या बुटांचा आवाज खाली दरीत घुमतो. वाक्य छान जमलंय. पण पहिल्या प्रकरणात ती जळत्या घरातून अनवाणी निघाली होती, पायाला चिंध्या गुंडाळून. मधल्या आठ दिवसांत बूट कुठून आले? मागे जाऊन दोनदा शोधलं, सापडले नाहीत.

तू पत्रात विचारलं होतंस की जग नेमकं कशानं संपवावं, अणुयुद्धानं, साथीनं की दुष्काळानं. दोन पानं तू यावरच खर्च केली आहेस. माझ्या मते यावर एवढं डोकं शिणवू नकोस. जग कसं बुडालं हे वाचक पहिल्या भागात चवीनं वाचतो आणि तिसऱ्या भागापर्यंत विसरतो. त्याच्या लक्षात राहतं ते कोणाच्या झोळीत काय होतं, कोण लंगडत होतं, कोणाचं कोणाशी जमत नव्हतं. भटक्यांची मालिका लिहायची तर ही उधारी-उसनवारी नीट ठेवावी लागते. बाकी बरंचसं आपोआप येतं.

तारखेचं मात्र सांगून ठेवतो. इंग्रजीत ‘डेथलँड्स’ नावाची अशीच एक मालिका होती. पहिलं पुस्तक १९८६ साली आलं आणि छापील पुस्तकं २०१५ पर्यंत येत राहिली. शंभराच्या वर भाग. मुखपृष्ठावर कायम जेम्स ॲक्सलर हे एकच नाव, पण ते प्रकाशनानं ठरवलेलं टोपणनाव. आत लिहिणारे हात वेगवेगळे. तर या मालिकेत जग बुडतं २० जानेवारी २००१ला, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या अणुयुद्धात. १९८६ साली ही तारीख पुरेशी लांब वाटली असणार. पण १९९१ साली सोव्हिएत संघच उरला नाही, म्हणजे शत्रू युद्धाच्या दहा वर्षं आधी गायब. पुढे ती तारीखही आली आणि गेली, आणि मालिका त्यानंतर चौदा वर्षं चालली. वाचकांनी ते पोटात घातलं, कारण गोष्ट त्या युद्धानंतर सुमारे शंभर वर्षांनी घडते आणि तोवर त्यांचा जीव त्यातल्या भटक्या टोळीत गुंतला होता. तरीही तू साल लिहू नकोस. ‘मुलगा जन्मायच्या आधी’ एवढं पुरतं. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात भिंतीवर कॅलेंडर आहे, ते काढून टाक.

त्याच मालिकेतली आणखी एक गोष्ट मला कायम दुहेरी वाटत आली आहे. त्या टोळीला जमिनीखालच्या जुन्या लष्करी तळांमध्ये अशी यंत्रं सापडतात की आत बसलं की माणूस भलत्याच ठिकाणी निघतो. कुठे निघणार हे सहसा त्यांच्या हातात नसतं. लेखकाच्या दृष्टीनं ही युक्ती झकास: दर भागाला नवा मुलूख, नवं हवामान, नवा जुलमी सरदार, आणि आधीच्या भागातलं काही ओढत न्यायची सक्ती नाही. पण त्यात अंतर मरतं. आणि भटक्यांच्या गोष्टीत अंतर हेच अर्धं कथानक. माझं मत विचारशील तर तुझ्या टोळीला चालू दे.

चालणं कागदावर मांडून बघ. सपाट रस्त्यावर, पाठीवर ओझं घेऊन, धडधाकट माणूस दिवसाला पंचवीसेक किलोमीटर काढतो. टोळीचा वेग मात्र सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. तुझ्याकडे म्हातारी आहे आणि सहा वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा दहा-बारा किलोमीटर झाले तरी दिवस बरा गेला म्हणायचा. आता पाणी. माणशी दिवसाला तीन लिटर धर. चौघांना तीन दिवसांचं पाणी म्हणजे छत्तीस लिटर, म्हणजेच छत्तीस किलो. कोण उचलणार? एवढं मांडलंस की तुझ्या लक्षात येईल, तुझी टोळी तिसऱ्या प्रकरणात माळरानातून सरळ जाऊच शकत नाही. तिला नदी धरून जावं लागेल, आणि नदीकाठी आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलेलं असणार. तू ज्या संघर्षासाठी डोकं खाजवतोयस तो इथे फुकट मिळतोय.

पेट्रोलचंही तेच. बारा वर्षं पडून असलेल्या गाडीच्या टाकीतून तो पोरगा नळीनं पेट्रोल ओढतो आणि दुसऱ्या गाडीत घालून निघून जातो. पेट्रोल काही महिन्यांतच उतरायला लागतं. बारा वर्षांनी त्या टाकीत चिकट, आंबूस वासाचं काहीतरी उरेल आणि पोराला ओकारी येईल. त्याला सायकल दे. टायरचं रबर तडकलेलं असेल, पण ती नुसत्या रिमवर खडखडत का होईना चालेल, आणि तो खडखडाट लांबवर ऐकू जाईल, तेही कामाचं. काडतुसं कोरडी राहिली असतील तर दशकं टिकतात, तेव्हा बंदूक चालते म्हणून मी तक्रार करणार नाही. फक्त ती मोज. तुझ्या नायकाकडे अकरा गोळ्या होत्या आणि त्यानं चौदा झाडल्या.

आता किरणोत्साराबद्दल, अणुयुद्धच ठेवणार असशील तर. युद्धाला बारा वर्षं झाली तरी तुझ्याकडे राखेत पाय ठेवताच माणूस कोसळतो. तसं होत नाही. स्फोटानंतरच्या राखेचा ढोबळ नियम असा की वेळ सात पट झाली की किरणांचा जोर दहा पट उतरतो. पहिल्या तासाला जे असेल त्याचा सात तासांनी दहावा हिस्सा, साधारण दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून पहिले पंधरा दिवस तळघरात काढणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. बारा वर्षांनंतर प्रश्न बदललेला असतो. सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच सरतं; ते मातीच्या वरच्या थरात बसून राहतं, तिथून गवतात, अळंब्यांत, दुधात येतं. खाऊन कोणी लगेच मरत नाही, आणि खायचं नाही म्हटलं तर भूक आहेच. म्हातारी त्या पोराला अळंब्या खाऊ देते की नाही, यावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहील. सध्या तिथे दोन पानांची मारामारी आहे.

आता माझी फजिती ऐक. मी ऐन भरात होतो तेव्हा दर चार महिन्यांनी एक भाग द्यावा लागे. माझ्या टोळीत एक म्हातारे वैद्य होते. चौथ्या भागात त्यांचा चष्मा फुटला. हाणामारीच्या गडबडीत, एका ओळीत. सहाव्या भागात तेच गृहस्थ औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं घडाघडा वाचून मुलीचा जीव वाचवतात. मी लिहिलं, प्रकाशकांच्या माणसानं वाचलं, मुद्रितं तपासली गेली, कोणाच्याही ध्यानात आलं नाही. मग एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. मायना नाही, सही नाही, फक्त एक ओळ: ‘आजोबांना नवा चष्मा कुठे मिळाला?’

दोन दिवस चिडलो. मग सातवा भाग त्या चष्म्यावरच लिहिला. सहाव्या भागात त्यांनी अक्षरं वाचलीच नव्हती, बाटलीचा आकार आणि वास यांवरून अंदाज ठोकला होता, आणि तो चुकला असता तर मुलगी गेली असती. हे ते मुलीच्या आईजवळ कबूल करतात. ती त्यांच्याशी भाग संपेपर्यंत बोलत नाही. त्या भागात एकही गोळी सुटत नाही, आणि आजही भेटणारे जुने वाचक त्याचंच नाव काढतात.

त्यानंतर मी वही घातली. प्रत्येक पात्राला एक पान: अंगावर काय, पाठीवर काय, शरीराला काय झालंय, कोणाचं काय देणं लागतो. एक पान असं होतं: ‘डाव्या हाताचं मधलं बोट नाही (भाग २). कोट मेलेल्या भावाचा, खिसा फाटका. मीठ, मुठीएवढं. सुई एक, दोरा संपला. मुलाला खोटं सांगितलंय की वडील पुढे भेटतील.’ शेवटची नोंद सगळ्यात जड. मीठ संपतं, खोटं संपत नाही. ते पुढच्या चार भागांना पुरलं. हाड मोडलं तर वहीत तारीख टाकायची, कारण हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि आपल्या भागातली गोष्ट बहुतेक दहा दिवसांत संपते. म्हणजे पुढच्या भागातही हात झोळीतच.

काही गोष्टी करूनही बघाव्यात. माझ्या पात्रांना डब्बाबंद अन्न सापडे आणि ते सुरीनं झाकण कापत. सुरी नसली तर? डबा उलटा धरून कडा खडबडीत सिमेंटवर घासायची, गोल गोल. मी बसलो घासत. थोड्या वेळानं सिमेंटवर ओला डाग दिसला, म्हणजे कडेची घडी झिजली. मग डबा दोन्ही बाजूंनी दाबला, झाकण सुटलं आणि अर्धा रस मांडीवर. तळहाताला फोड आला. मला जे लिहायचं होतं ते त्या सांडलेल्या रसात होतं: तो जमिनीवरून चाटायचा की नाही, आणि कोणी बघत असताना की बघत नसताना.

मारण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी त्या शिंप्याला ज्या घाईनं मारलंस त्यावरून सांगतो. लांब मालिकेत मेलेल्या माणसाची जागा दुसऱ्याच दिवशी भरून काढायचा मोह होतो. भरू नकोस. शिंपी गेला तर यापुढे कपडे फाटकेच राहू देत. पाचव्या भागात कोणीतरी वेडेवाकडे टाके घालेल, तेव्हा वाचकाला तो आठवेल. तुला नाव घ्यावंही लागणार नाही.

बारा भागांचा आराखडा तू पाठवलास, तो मी वाचला नाही. मुद्दामच. दोन भाग लिहून झाले की तुझाही त्याच्यावरचा विश्वास उडालेला असेल. दर भागात नवं गाव, नवा जुलमी, शेवटी सुटका हा साचा येणारच, त्याला घाबरू नकोस. पण गाव सोडताना टोळी तिथून काहीतरी घेऊन निघते की काहीतरी ठेवून जाते, एवढं दर वेळी वहीत लिही.

पुढच्या खेपेला प्रकरणं पाठवायची घाई नाही. आधी वही पाठव. आणि म्हातारीच्या पायातले बूट कोणाचे होते, ते मला पहिल्यांदा कळव. मला वाटतं ते त्या शिंप्याच्या बायकोचे असावेत, आणि त्यानं ते पुलावर पहिल्यांदा ओळखले. पण गोष्ट तुझी आहे.

तुझा,
एक जुना लिहिणारा