टॅक्स बघून लोक खरंच कुठली गाडी घ्यायची ते ठरवतात का?

ठरवतात, पण शोरूममध्ये कॅल्क्युलेटर काढून बसणारे कमीच. खरा खेळ त्याच्या बराच आधी, कंपनीत गाडीचं डिझाइन होतानाच होऊन गेलेला असतो.

2006 च्या बजेटमध्ये 4 मीटरच्या आतल्या, पेट्रोल 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांची एक्साइज (कारखान्यातच लागणारा कर) 24 वरून 16 टक्के केली आणि तेव्हापासून कंपन्या टेप घेऊन बसल्यात. 2012 ला डिझायरची डिकी छाटली ती त्यासाठीच, दिसायला कशीतरीच झाली पण लोकांनी धडाधड घेतली. नेक्सॉन, सॉनेट, ब्रेझा सगळ्या 3995 मिमीच्या आसपास, उगाच नाही. त्यातही गंमत म्हणजे ब्रेझा लांबीत बसते पण पेट्रोल इंजिन 1462 सीसी, म्हणून ती मोठ्या गाडीच्या टॅक्समध्ये जाते.

22 सप्टेंबर 2025 पासून सेस (जीएसटीच्या वर लागणारा जादा कर) गेला, आता याच मापातल्या छोट्या गाडीला 18 टक्के जीएसटी, बाकीच्यांना 40, ईव्हीला (इलेक्ट्रिक गाडीला) 5. समजा टॅक्सआधी किंमत 10 लाख धरली तर छोटी 11.80 ला पडते आणि मोठी 14 लाखांना, आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स या जीएसटी लावलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. पेट्रोलला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12, डिझेलला दोन टक्के जास्त. धरून बघा, ऑनरोडला अडीच लाखांचा फरक पडतो, इन्शुरन्स वेगळाच. म्हणून तर 10-12 लाखांच्या बजेटवाला फिरून फिरून कॉम्पॅक्ट एसयूव्हीवरच येतो आणि म्हणतो मला हीच आवडली!

ईव्हीचं गणित मात्र उलटं आहे, तिथे लांबीची अटच नाही, मोठी असो की छोटी जीएसटी 5 टक्केच. त्यामुळे माझ्या मते टॅक्सचा खरा फायदा मोठी ईव्ही घेणाऱ्याला, छोट्या गाडीत 18 आणि 5 मधला फरक बॅटरीच्या किमतीत निघून जातो.

तुम्ही 10 लाखांच्या काठावर असाल तर व्हेरिएंट नीट बघा. 9.95 लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स साधारण 1.09 लाख, 10.05 ला 1.21 लाख, कारण स्लॅब बदलला की पूर्ण किमतीवर बदलतो. आणि गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर आधी सीएला विचारा, महाराष्ट्रात तिथे रोड टॅक्स थेट 20 टक्के आहे.