जीन काढला तरी यीस्ट जगतं, मग त्या जीनचं काम काय?

प्रश्न: माझी पुतणी एमएस्सी करतेय, प्रोजेक्ट यीस्टमधल्या आरआरडी१ नावाच्या जीनवर आहे. ती सांगते हा जीन काढून टाकला तरी यीस्ट जगतं. मग त्याच्यावर एवढी मेहनत कशाला? – एक वाचक, सांगली

उत्तर: शंका रास्त आहे. पण यीस्ट जगतं ते आरामात आहे तोवर. साधी साखर घातलेली प्लेट दिली की नेहमीचं यीस्ट आणि जीन काढलेलं यीस्ट यांत फारसा फरक दिसत नाही. तीच प्लेट थोडं रॅपामायसिन हे वाढ रोखणारं औषध घालून बनवा, यीस्टचे दहा-दहा पट पातळ केलेले थेंब ओळीने टाका आणि ३० डिग्रीला दोन-तीन दिवस ठेवा. नेहमीचं यीस्ट जेमतेम वाढतं, आणि जीन काढलेल्याच्या मात्र पांढऱ्या कॉलनी छान येतात! रॅपामायसिन पेशीला वाढायला लावणाऱ्या टॉर नावाच्या प्रोटीनला अडवतं (टॉरचे जीन यीस्टमध्येच सापडले, १९९१ साली), म्हणजे आरआरडी१ त्याच वाटेवर कुठेतरी आहे एवढं तर कळलंच ना.

आता तो करतो काय. प्रोटीनवर फॉस्फेट लावणारे कायनेज आणि काढणारे फॉस्फेटेज, या लावण्या-काढण्यावर पेशीने कधी वाढायचं नि कधी थांबायचं हे बरंचसं ठरतं. त्यातलं एक मोठं फॉस्फेटेज म्हणजे पीपी२ए. आरआरडी१ आणि त्याचा जोडीदार आरआरडी२ या फॉस्फेटेजना नीट आकारात आणायला मदत करतात. जोडीतला एक नसला तर दुसरा बरंच सांभाळून घेतो, म्हणून तर तुमच्या पुतणीचं यीस्ट जगतंय. दोन्ही काढले तर यीस्टच्या बऱ्याच स्ट्रेन (वाण) मरतात.

२००३ मध्ये व्हिएन्नाच्या लोकांनी हे जीन काढलेल्या यीस्टमधलं पीपी२ए तपासलं तर ते वेगळ्याच आकाराचं निघालं, लवकर तुटणारं, मेटल आयन दिल्याशिवाय काम न करणारं आणि भलत्याच सब्सट्रेटवर (ज्यावर काम करायचं त्या रेणूवर) चालणारं. मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण आरआरडी जीनपासून बनणाऱ्या प्रोटीनना आधी टायरोसिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फेटेजचे ॲक्टिवेटर (चालना देणारे) म्हणून ओळखायचे, टेस्ट ट्यूबमध्ये तसंच दिसायचं, आणि पेशीत मात्र त्यांचं खरं काम पीपी२एला सेरीन-थ्रिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लांवरच चालेल असं घडवायचं निघालं. हीच व्यवस्था माणसाच्या पेशीतही आहे, तिथे त्या प्रोटीनला पीटीपीए म्हणतात, म्हणून यीस्टवरची मेहनत वाया जात नाही.

शिवाय आरआरडी१ नसलेलं यीस्ट ४-एनक्यूओ या डीएनए बिघडवणाऱ्या केमिकलला जास्त लवकर मरतं. म्हणजे एका औषधाला दाद देत नाही आणि दुसऱ्यापुढे टिकत नाही. पुतणीला एक सांगा, जीन काढलेल्या यीस्टमध्ये प्लाझ्मिडवरून (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) तोच जीन परत घालून रॅपामायसिनची प्लेट पुन्हा लावायला. यीस्ट पुन्हा पहिल्यासारखं मंदावलं तरच तो फरक त्याच जीनमुळे होता असं ठामपणे म्हणता येईल, नाहीतर स्ट्रेन बनवताना दुसरंच काही बदललं असेल.