देवराईत ४० झाडं आहेत, मग जेनेटिक्स कशाला बघायचं?

तुम्ही लिहिलंय की राईत दलदलीतल्या जंगली जायफळाची (मिरिस्टिका मॅग्निफिका) ४० झाडं आहेत, खाली रोपं पण दिसतात, मग जेनेटिक डायव्हर्सिटीचं (झाडाझाडांतल्या आनुवंशिक वेगळेपणाचं) टेन्शन कशाला. आधी सांगा, त्यातल्या माद्या किती? परसातल्या जायफळासारखंच आहे हे, नर वेगळा मादी वेगळी, म्हणून तर आपण कलम लावतो. समजा ३५ नर निघाले आणि माद्या ५च, तर पुढच्या पिढीच्या दृष्टीने राई खरी किती झाडांची, याचा हिशोब असा: ४ गुणिले नर गुणिले माद्या भागिले एकूण झाडं, म्हणजे ४ गुणिले ३५ गुणिले ५ भागिले ४०, साडेसतरा. दिसायला ४०, पण पुढच्या पिढीसाठी राई सतरा-अठरा झाडांचीच. त्यात एकच म्हातारी सगळी फळं धरत असेल तर अजून कमी.

आणि जुनी झाडं फसवतात बरं का. ती रुजली तेव्हा आजूबाजूला सलग रान होतं, त्यामुळे त्यांची पानं लॅबमध्ये दिली तर रिपोर्ट छानच येणार. या वेगळेपणाची तूट दिसते ती रोपांत, तेव्हा टेस्टिंग कधी झालंच तर रोपांची पानं वेगळी द्या.

दुसरं म्हणजे ही झाडं ओहोळाच्या चिखलातच, आणि पाणी बी खाली नेतं, डोंगर ओलांडून नाही नेत, ते काम धनेशाचं, आणि दोन राईंच्या मधे सगळी रबर-काजूची लागवड झाली तर तो तरी कशाला येईल तिथून. दोडामार्गात बांबर्ड्याची राई आहे (२०२१ ला जैवविविधता वारसा स्थळ झाली ती), गोव्यात सत्तरीत निरंकाराची राई, नकाशावर काही लांब नाहीत, पण झाडांसाठी ही बेटंच.

मी पहिल्या वर्षी काय केलं, वाटेजवळच्या एकाच झाडाखालून पिशवीभर बी उचललं. निम्मं वाळवून ठेवलं कडधान्यासारखं, ते मेलं सगळं (हे बी वाळलं की संपलं, ताजंच पेरायचं), उरलेल्याची रोपं झाली ती सगळी एका आईची! आता जेवढ्या माद्या सापडतील त्या प्रत्येकीखालून थोडं थोडं घेतो आणि पिशवीवर झाडाचा नंबर टाकतो.

वेगळेपण वाढवायला म्हणून केरळच्या नर्सरीतून रोपं आणायचा विचार मनात आला तर मात्र सोडा, इतक्या लांबची रोपं इथल्या राईत मिसळायला नकोत. आणायचीच तर डोंगरापलीकडच्या राईतली, गावाला विचारून, आणि राईच्या आत न लावता खालच्या अंगाला वेगळी, खूण करून. तोवर फुलं आली की नर-मादी मोजून आकडा इथे टाका.