वाचकांचे प्रश्न : व्हॅनमधून टास्मानिया

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेलं टास्मानिया हे बेट झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या भाड्याच्या व्हॅनमधून फिरायचं, या बेताबद्दल मराठवाड्यातून बरीच पत्रं आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे मे महिन्याच्या सुट्टीत जाणार आहोत. होबार्टला व्हॅन घेऊन आठ दिवसांत पूर्ण बेट फिरून होईल ना? अंतर तर नांदेडहून मुंबईला जाऊन-येऊन होतं तेवढंच दिसतं. (नांदेड)

अंतराचा हिशेब बरोबर आहे. होबार्ट, कोल्स बे, सेंट हेलेन्स, लॉन्सेस्टन, क्रेडल माउंटन, स्ट्रॅहन आणि परत होबार्ट हा फेरा साधारण 1,100 किलोमीटरचा होतो. अडचण उजेडाची आहे. आपला मे म्हणजे तिथला उतरता शरद. सकाळी सव्वासातच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडायला लागला की वॉलबी आणि पॅडमेलन (कांगारूचे लहान भाऊबंद), वॉम्बॅट, पॉसम असे प्राणी रस्त्यावर येतात. पंचवीस-तीस किलोचा वॉम्बॅट काळोखात दगडासारखा दिसतो आणि गाडीखाली आला तर पुढचा भाग, रेडिएटर सगळं जातं. मावळतीनंतर झालेल्या अपघाताची भरपाई काही भाडे कंपन्या देतही नाहीत. म्हणून चार वाजता व्हॅन मुक्कामावर उभी असली पाहिजे. हा नियम पाळला की प्रवासाला दिवसाचे सहा-सात तासच उरतात, आणि त्यातच चालणं, जेवण, फोटो सगळं आलं.

आठ दिवसांत पूर्ण फेरा मारू नका. पश्चिमेचं स्ट्रॅहन सोडा, कारण क्वीन्सटाउनच्या आसपासचा वळणांचा रस्ता ज्येष्ठांना आणि मुलांना त्रासाचा होतो. त्याऐवजी असं करा : होबार्टहून कोल्स बे (195 किमी), तिथे फ्रेसिने राष्ट्रीय उद्यानासाठी दोन रात्री. मग सेंट हेलेन्स (120 किमी) आणि बे ऑफ फायर्सला एक-दोन रात्री. लॉन्सेस्टन (165 किमी) एक रात्र. क्रेडल माउंटन (145 किमी) दोन रात्री. व्हॅन लॉन्सेस्टनला परत देता आली तर उत्तम; एकमार्गी भाडं थोडं जास्त पडतं, पण शेवटचा जवळपास अख्खा दिवस वाचतो.

फ्रेसिनेत वाइनग्लास बेच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत जाऊन-येऊन सव्वा ते दीड तास लागतो आणि पायऱ्या भरपूर आहेत. सासूबाईंना केप टूरव्हिलच्या दीपस्तंभाचा 600 मीटरचा फेरा करवा. लाकडी पायवाट आहे आणि समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो. क्रेडलला शटल बस सुरू असण्याच्या वेळेत खासगी गाड्यांना डव्ह लेककडे सोडत नाहीत. व्हॅन व्हिजिटर सेंटरला लावायची, उद्यानाचा पास दाखवून बसचा पास घ्यायचा. तळ्याभोवतीची वाट 6 किलोमीटर आहे, दोन तास धरा. परतताना रॉनी क्रीकला उतरा. दुपार कलली की गवतात वॉम्बॅट चरायला निघतात. शेवटची बस किती वाजता आहे ते मात्र चढतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला गेलात तर क्रेडल आणि माउंट फील्ड इथे फॅगसची पानं पिवळी-तांबडी झालेली दिसतील. थंडीत पानगळ होणारं ऑस्ट्रेलियातलं हे एकमेव मूळचं झाड आहे. सुट्टी दोन दिवस पुढे-मागे करता येत असेल तर याच्यासाठी जरूर करा. क्रेडलच्या उंचीवर सकाळी रस्त्यावर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असतो. नऊच्या आधी निघू नका.

पासचं म्हणाल तर राष्ट्रीय उद्यानांसाठी दोन महिने चालणारा हॉलिडे पास घ्या. तो गाडीवर मिळतो आणि आठ जणांपर्यंत चालतो. एकेका दिवसाचे पास काढत बसलात तर जास्त पैसे जातात. बे ऑफ फायर्सचे किनाऱ्यावरचे मुक्काम राष्ट्रीय उद्यानात येत नाहीत, तिथे पास लागत नाही आणि मुक्काम फुकट आहे. पण प्यायचं पाणी तिथे नाही. सेंट हेलेन्सलाच टाकी भरा.

प्रश्न : व्हॅनमध्ये फ्रिज, दिवे, प्लग सगळं असतं म्हणतात. मग इंडक्शन शेगडी आणि छोटा मिक्सर नेला तर चालेल का? (परभणी)

दोन्ही घरी ठेवा. व्हॅनमध्ये दोन वेगळ्या विजा असतात. भिंतीवरचे 240 व्होल्टचे प्लग फक्त कॅम्पसाइटच्या खांबाला वायर जोडली तरच चालतात. एरवी सगळं दुसऱ्या बॅटरीवर चालतं, आणि ती 12 व्होल्टची असते.

हिशेब करून बघा. 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 1,200 वॉट-अवर. ती एजीएम (शिशाची सीलबंद) जातीची असेल तर निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. म्हणजे हातात 600 उरले. 1,800 वॉटची शेगडी इन्व्हर्टरवर लावली तर वीस मिनिटांत तेवढे संपतात. एकट्या फ्रिजलाच दिवसाला 30 ते 40 अँपिअर-अवर लागतात. दिवे, पंप, मोबाइल धरले तर एकाच जागी दीड दिवस निघतो, त्याहून जास्त नाही. गाडी दोन-तीन तास चालली की इंजिनकडून बॅटरी भरत येते. छतावर सोलर असलं तरी मेच्या तिरप्या उन्हात त्याच्यावर विसंबू नका. दर दोन-तीन रात्रींनी एक रात्र वीजवाल्या साइटवर काढा.

व्हॅन ताब्यात घेताना बॅटरी एजीएम आहे की लिथियम, ते विचारा. एजीएम असेल तर पॅनेलवरचे आकडे असे वाचा : काहीही चालू नसताना 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. फ्रिज ‘टक्’ करून सुरू होतो आणि लगेच बंद पडतो, असं वारंवार झालं तर फ्रिज बिघडलेला नसतो, व्होल्टेज पडलेलं असतं. फ्रिज बंद करून गाडी चालवा.

खांबाची वायर जोडताना आधी खांबावरचं बटण बंद, मग वायरचं टोक व्हॅनला, मग खांबाला, शेवटी बटण. वायरीचं वेटोळं पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर हीटर लावल्यावर तापून वितळू शकते. आणि निघताना वायर लावलेली राहून सॉकेट उपटून येणं हा इथला नेहमीचा खर्च आहे. वायर काढेपर्यंत गाडीची किल्ली खांबावर ठेवण्याची सवय लावून घ्या.

थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेततं. बंद व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. हीटर डिझेलवरचा आहे का, हे बुकिंगच्या वेळीच बघा.

प्रश्न : पाणी किती पुरतं? आणि त्या संडासाचं नेमकं काय करायचं असतं? (लातूर)

टाकी बहुधा 80 लिटरच्या आसपास असते. लातूरकरांना पाणी पुरवून वापरायला शिकवावं लागत नाही, पण व्हॅनच्या शॉवरला मिनिटाला पाच-सहा लिटर जातं हे ध्यानात असू द्या. चौघांनी एकदा अंघोळ केली की टाकी संपली. अंघोळ कॅम्पसाइटवर करा, टाकी भांडी आणि तोंड धुण्यासाठी ठेवा. नळ बंद असतानाही पंप घरघरत राहिला तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळतंय. लगेच स्विच बंद करा, कोरडा पंप जळतो. रात्री आणि गाडी चालू असताना पंप बंदच हवा.

संडासाखाली 18-20 लिटरची काढता येणारी पेटी असते. इथे आपल्या सवयीचा प्रश्न येतो. आपण पाणी वापरतो, त्यामुळे चौघांत ती दिवसभरात भरते. म्हणून दिवसा सार्वजनिक स्वच्छतागृहं वापरा. टास्मानियात ती जागोजागी आहेत आणि स्वच्छ असतात. पेटी फक्त रात्रीसाठी. कागद लागलाच तर विरघळणाराच टाका.

रिकामी करायची जागा म्हणजे डंप पॉइंट, दुसरीकडे कुठेही नाही. आधी आतली झडप पूर्ण बंद करा. बाहेरून दार उघडून पेटी ओढा. तोंडाची नळी वळवून झाकण काढा. ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा; ते दाबलं नाही तर आत हवा शिरत नाही आणि गचके बसून अंगावर उडतं. दोनदा विसळा, दोन लिटर पाणी आणि मापाने औषध घाला, पेटी परत सरकवा. भांडी धुतल्याचं सांडपाणीही जमिनीवर सोडू नका, त्याची टाकीसुद्धा डंप पॉइंटलाच रिकामी होते.

पश्चिमेच्या ओढ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं. तो गवता-झाडपाल्याचा रंग आहे, घाण नव्हे. तरी उकळल्याशिवाय पिऊ नका.

प्रश्न : ज्वारीचं पीठ, येसर, कारळाची चटणी, धपाटे नेता येतील का? व्हॅनमध्ये भाकर होते का? आम्ही शाकाहारी आहोत. (बीड)

ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू ‘हो’ म्हणून जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो आणि व्हिसाही जाऊ शकतो. पाकिटावर इंग्रजीत पदार्थाचं नाव असलेलं, दुकानातलं सीलबंद पीठ-मसाले दाखवायला सोपे पडतात. घरी दळलेलं येसर अधिकारी ओळखणार कसं? न्यायचंच तर थोडं न्या आणि गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. अख्खी कडधान्यं, बिया, ताजी मिरची, कढीपत्ता, लिंबं अजिबात नेऊ नका. डाळ-तांदूळ-मसाला होबार्ट आणि लॉन्सेस्टनच्या भारतीय दुकानांत मिळतो.

दुसरी तपासणी टास्मानियात शिरताना असते आणि तीच लोक विसरतात. मेलबर्नच्या विमानतळावर घेतलेलं सफरचंदही बेटावर चालत नाही. ताजी फळं-भाज्या उतरण्याआधी संपवा किंवा टाकून द्या.

भाकर होते, पण आत नको. शेगडीची ज्योत लहान, आणि भाकर जाळावर टाकली की धुराचा अलार्म कोकलतो. तवा घरून न्या आणि शेगडी बाहेर काढता येणारी व्हॅन निवडा. बागा आणि किनाऱ्यांवर विजेच्या बार्बेक्यू पट्ट्या असतात, बहुतेक फुकट. त्यांच्यावर मांस भाजलेलं असतं, तेव्हा जाड फॉइल अंथरून धपाटे लावा. झाकपाक लगेच करा. पॉसम रात्री पिशव्या फाडतात. वॉलबीला पोळीचा तुकडासुद्धा देऊ नका. मऊ अन्नामुळे त्यांच्या जबड्याला गाठीचा रोग होतो आणि ते उपाशी मरतात.

प्रश्न : आपलं लायसन्स चालतं का? (जालना)

चालतं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि 4.5 टनांपर्यंतची व्हॅन कारच्या लायसन्सवर चालवता येते. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा : सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म 4ए, शुल्क 1,000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. लायसन्स आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डावर अडून बसतात. सात वर्षांखालच्या मुलाला तिथल्या मानकाची सीट कायद्याने लागते, ती व्हॅनसोबतच भाड्याने घ्या. गाडी चालू असताना पलंगावर कुणीही झोपायचं नाही.

प्रश्न : पूर्ण विमा घेतला की निर्धास्त का? आणि प्राणी धडकलाच तर? (छत्रपती संभाजीनगर)

‘पूर्ण’ म्हणून विकलेल्या विम्यातही छत, गाडीचा खालचा भाग आणि कच्चा रस्ता बऱ्याचदा वगळलेला असतो. उंच व्हॅन पावणेतीन मीटरची असते. पेट्रोल पंपाचं छप्पर, झाडाची फांदी, पार्किंगचा अडसर यांना छत लागतं आणि खर्च तुमच्यावर येतो. उंचीचा आकडा आरशाशेजारी चिकटवून ठेवा. आर्थर रिव्हर ते कोरिना हा कच्चा रस्ता देखणा असला तरी भाड्याच्या व्हॅनने जाऊ नका. कच्च्यावर कायद्याने ताशी 80 चालतं, पण व्हॅनला 40 पुरे. खडीवर ब्रेक लावला की मागचा भाग सरकतो.

प्राणी अचानक समोर आला तर सरळ रेषेत ब्रेक लावा, स्टिअरिंग फिरवू नका. व्हॅन उलटते ती वळवल्यामुळे. धडक झाली तर गाडी सुरक्षित जागी घ्या, इंडिकेटर लावा. वॉलबी किंवा वॉम्बॅटची मादी मेलेली असली तरी पोटाच्या पिशवीत जिवंत पिल्लू असू शकतं. पिल्लू स्तनाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. ते मऊ कापडात गुंडाळून अंधारात, उबेत ठेवायचं असतं. गाईचं दूध पाजू नका. होबार्टजवळच्या बोनोरॉंग अभयारण्याची बचाव सेवा चोवीस तास असते, त्यांचा नंबर आधीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पुढचं ते सांगतात. रेंज बऱ्याच भागात नसते, तेव्हा टेल्स्ट्राचं सिम घ्या आणि नकाशा होबार्टलाच उतरवून ठेवा. माणसांच्या मदतीसाठी 000.