मोबाइलपायी पगार कापला, आता नोटीस आली

प्रश्न: माझा लहानसा छापखाना आहे, नऊ माणसं कामाला. ऐन घाईच्या महिन्यात मशीन थांबलेलं आणि ऑपरेटर मोबाइलमध्ये, हे रोजचं झालं. शेवटी चौघांचे दोन-दोन दिवसांचे पैसे कापले. एक उलट बोलला, त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. माझं काय चुकलं?

उत्तर: राग रास्त आहे, पण हात नेमका नको तिथे घातलात, पगाराला.

माणूस गैरहजर असेल तर तेवढ्या वेळाचे पैसे कापता येतात. तासभर बाहेर गेला, तासाचे कापा. पण मशीनशेजारी बसून मोबाइल बघणारा कायद्याच्या लेखी हजर असतो. मग उरतो दंड. वेतन संहिता, २०१९ नुसार तो त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तुमचे दोन दिवस म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त झाले. शिवाय कोणत्या चुकीला दंड, ही यादी आधी सरकारकडून मंजूर करून लावलेली हवी आणि कामगाराचं म्हणणं ऐकून घेतलेलं हवं. दंडाची रक्कमही मालकाच्या खिशात जात नाही, ती कामगारांच्याच हितासाठी खर्चावी लागते. तेव्हा चौघांचे पैसे लगेच परत करा आणि पोच घ्या.

‘येऊ नकोस’ हे त्याहून महाग पडेल. तोंडी काढणं म्हणजे ना आरोपपत्र, ना चौकशी. कोर्टात तुमच्या हाती कागदच नाही. त्याला कामावर हजर व्हा असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. आला तर उत्तम. नाही आला तर तुम्ही बोलावलं होतं याचा पुरावा राहील.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो. त्या महिन्यात माणसं किती तास थांबत होती? ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबवलं असेल तर ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. ते पैसे थकलेले असतील, तर मोबाइलची तक्रार घेऊन तुम्ही उभे राहताच समोरचा वकील हजेरीपट मागेल. मी त्याच्या जागी असतो तर पहिल्यांदा तेच केलं असतं.

पुढच्या घाईआधी एक पानी नियम काढा: पाळीत मोबाइल कुठे ठेवायचा, सुट्टी किती वेळाची. प्रत्येकाची सही घ्या. तरीही कुणी ऐकलं नाही तर मेमो द्या, पण ‘कामचुकार आहे’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेला ११.१० ते ११.४५ मशीन बंद, कागद भरलेला नव्हता’ असं लिहा आणि लेखी खुलासा मागा. कामात वारंवार हयगय हे गैरवर्तन ठरतं, पण ‘वारंवार’ सिद्ध करायला दोन-तीन मेमो लागतात. त्यानंतर आरोपपत्र, चौकशी, मग शिक्षा. कुणाचा मोबाइल हिसकावून उघडून पाहू नका, ते प्रकरण वेगळंच होईल.

सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसांचं चित्रण आजच उतरवून ठेवा, जुनं आपोआप पुसलं जातं. नोटिशीला स्वतः उत्तर लिहायला बसू नका. वकिलाकडे जाताना हजेरीपट आणि पगारपत्रक सोबत न्या, त्यावर खाडाखोड न करता.